पुरस्कारानंतरचे पुस्तक : साहित्य अकादेमी, भाषांतर आणि मराठी

साहित्य अकादेमीचे पुरस्कार जाहीर झाले की आठ-पंधरा दिवस मराठी वाङ्मयीन जगात चर्चेला उधाण येते. पुरस्कार कोणाला मिळाला, कोणाचा हुकला, परीक्षक कोण होते, याविषयी अनुकूल-प्रतिकूल मते व्यक्त होतात. लेखकाच्या मुलाखती छापून येतात, गावोगावी सत्कार होतात आणि मग चर्चा ओसरते. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, ते कन्नडमध्ये किंवा बंगालीत गेले काय, गेले असल्यास कोणी नेले, मूळ मराठी आवृत्ती तरी आज दुकानात मिळते काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

कलासाहित्याला आधार देणारी कोणतीही राष्ट्रीय संस्था दोन आघाड्यांवर काम करते, असे मानले जाते : देशातील निर्मितीला उत्तेजन आणि देशाबाहेर तिचा प्रसार. आपल्याकडे ही दोन कामे वेगवेगळी समजली जातात आणि ती पुष्कळदा वेगवेगळ्या कार्यालयांकडे सोपविली जातात. माझ्या मते ही विभागणी मुळातच सदोष आहे. आपल्याच देशात शेजारच्या भाषेपर्यंत न पोचलेले साहित्य परदेशात पोचले, तरी तो अपघात असतो. आणि या दोन्ही प्रवासांत निर्णायक ठरणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे मूळ भाषा जाणणारा भाषांतरकार.

१

डिसेंबर १९५२ मध्ये भारत सरकारने साहित्याच्या राष्ट्रीय अकादमीविषयीचा ठराव केला आणि १२ मार्च १९५४ रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात साहित्य अकादेमीचे उद्घाटन झाले. १९५६ साली तिची नोंदणी संस्था-नोंदणी कायद्याखाली झाली. तिचा खर्च केंद्र शासन करते. मात्र ती शासनाचे खाते नाही. पंडित नेहरू हे तिचे पहिले अध्यक्ष होते, डॉ. राधाकृष्णन उपाध्यक्ष आणि कृष्ण कृपलानी सचिव. पैसा सरकारचा आणि निवड साहित्यिकांची, हे तत्त्व त्यामागे होते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेल्या प्रयत्नांतून १९४६ साली जी आर्ट्‌स कौन्सिल आकाराला आली, तिच्या मुळाशीही हाच विचार होता. परंतु ब्रिटनपुढे नसलेला एक प्रश्न आपल्यापुढे होता. आपले साहित्य एका भाषेत नव्हते. अनेक भाषांत लिहिले गेलेले भारतीय साहित्य अंतर्यामी एकच आहे, ही अकादेमीची पायाभूत भूमिका. आज अकादेमी चोवीस भाषांना मान्यता देते : आठव्या अनुसूचीतील बावीस, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी.

ही भूमिका नीट तपासली, तर तिच्यात भाषांतर अध्याहृत आहे असे दिसते. साहित्य एकच असेल, तर एका भाषेच्या वाचकाला दुसऱ्या भाषेतील साहित्य वाचता आले पाहिजे. ते वाचता येत नसेल, तर ही एकात्मता समारंभाच्या भाषणापुरती राहते. साने गुरुजींच्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेत हाच आशय होता. प्रांताप्रांतांतील माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य आपापल्या भाषेत आणावे, असे त्यांना वाटे. तथापि अकादेमीने पुरस्कार १९५५ सालापासून दिले आणि भाषांतरासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू होण्यास १९८९ साल उजाडले. ग्रंथकाराचा सन्मान आणि भाषांतरकाराचा सन्मान यांत चौतीस वर्षांचे अंतर पडले, ही गोष्ट बोलकी आहे.

२

मात्र अकादेमीच्या कार्याची जमेची बाजू नाकारणे अन्यायाचे होईल. मराठीचा पहिला पुरस्कार १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला, तर पुढील वर्षी बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मरणोत्तर मिळाला. संस्कृतिचिकित्सा आणि सौंदर्यशास्त्र अशा विषयांवरील ग्रंथांना ललित साहित्याच्या बरोबरीने स्थान देण्याची ही दृष्टी आजही अनुकरणीय आहे. पुढे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१ साली आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली पुरस्कार मिळाले. भटक्या-विमुक्तांचे जीवन त्यांच्याच शब्दांत प्रथमच राष्ट्रीय व्यासपीठावर आले. अकादेमी तेथेच थांबली नाही. या दोन्ही आत्मकथनांची इंग्रजी भाषांतरे तिनेच अनुक्रमे १९९७ आणि १९९८ साली प्रसिद्ध केली.

कोकणीचे उदाहरणही येथे ध्यानात घेतले पाहिजे. अकादेमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९७७ साली रवीन्द्र केळेकर यांच्या ‘हिमालयांत’ या पुस्तकाला त्या भाषेतील पहिला पुरस्कार मिळाला. गोव्यात कोकणी राजभाषा झाली ती १९८७ मध्ये आणि आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला तो १९९२ मध्ये. कोकणी-मराठी वादात त्या निर्णयाबद्दल मराठी अभ्यासकांत एकमत नव्हते, हे खरे. परंतु साहित्याच्या क्षेत्रातील निर्णय घेण्यासाठी साहित्यसंस्थेने शासनाच्या निर्णयाची वाट पाहिली नाही, हे त्यातून निर्विवादपणे दिसते. स्वायत्ततेचा अर्थ असा कृतीतून प्रकट होतो.

तेव्हा प्रश्न अकादेमीने काही केले नाही असा नाही. तिने केलेल्या कामाचा वेग आणि दिशा यांचा आहे. ‘उपरा’ला पुरस्कार मिळाल्यापासून इंग्रजी भाषांतर येईपर्यंत सोळा वर्षे लोटली, ‘उचल्या’ला दहा. ज्या वाङ्मयाने मराठी साहित्याची दिशा बदलली, ते इतर भाषांच्या वाचकांपुढे येईपर्यंत येथील वाद शिळे झाले होते.

३

या विलंबाचे कारण पैशात शोधण्याची आपल्याला सवय आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’चा प्रवास पाहिला, तर कारण अन्यत्र असल्याचे दिसते. ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. दामोदर खडसे यांनी ते ‘अछूत’ या नावाने हिंदीत नेले. त्याचे फ्रेंच भाषांतर १९९० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले, तर जेरी पिंटो यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१५ साली आले. एरवी भारतीय साहित्य युरोपात जाते ते इंग्रजीच्या दारातून. येथे मात्र फ्रेंच वाचकाला ‘बलुतं’ इंग्रजी वाचकाच्या पंचवीस वर्षे आधी मिळाले. याचे कारण गी प्वातव्हँ हे होते. फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात स्थायिक झालेल्या या अभ्यासकाने मराठी आत्मसात केली होती. ग्रामीण आणि दलित समाजांत त्यांचा वावर होता. मराठी जाणणारा एक माणूस होता म्हणून ते पुस्तक गेले.

मराठीच्या परदेशगमनाचा इतिहास हा अशा मोजक्या माणसांचाच इतिहास आहे. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत मराठी शिकविणारे इयन रेसाइड यांनी मराठी कथांचे आणि श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’चे इंग्रजी भाषांतर केले. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या ओव्यांचा मागोवा घेत महाराष्ट्रभर हिंडले. दिलीप चित्रे यांनी तुकारामांना इंग्रजीत नेले आणि १९९४ साली त्यांना मूळ कवितेसाठी व भाषांतरासाठी, असे अकादेमीचे दोन पुरस्कार मिळाले. यांतील प्रत्येकाचे काम मोठे आहे. परंतु अशा माणसांच्या जागी पुढची पिढी उभी राहील, याची व्यवस्था कोणी केली नाही. रेसाइड आणि सोंथायमर यांच्या नंतर युरोपातील किती विद्यापीठांत मराठी शिकविण्याची सोय उरली, याचा शोध घेणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

देशांतर्गत चित्रही फारसे निराळे नाही. एस. एल. भैरप्पा यांची ‘वंशवृक्ष’ ही कादंबरी उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली आणि भाषांतर-पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी मराठीचा पुरस्कार त्यांना मिळाला. विरूपाक्ष कुलकर्णी यांनी मराठी साहित्य कन्नडमध्ये नेले. दोन भाषांमधील ही वाहतूक कित्येक वर्षे पुण्यातील एका घरातून चालली. लातूरला हिंदीचे अध्यापन करणाऱ्या सूर्यनारायण रणसुभे यांनी शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हिंदीत नेले. या साऱ्यांच्या कामाला संस्थांनी दाद दिली, कधी ते प्रसिद्धही केले. पण त्यांना घडविले ते त्यांच्या वैयक्तिक ओढीने आणि परिस्थितीने. एखाद्या कुटुंबाच्या किंवा व्यक्तीच्या जिद्दीवर दोन भाषांचा संबंध अवलंबून असेल, तर त्या व्यक्तीबरोबर तो संपण्याचीही शक्यता असते.

४

अलीकडच्या दोन घटनांनी हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ या हिंदी कादंबरीच्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराला आणि २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या भाषांतराला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. भारतीय भाषांना मिळालेल्या या मान्यतेचा आनंद सार्थच आहे. परंतु या दोन्ही भाषांतरांना ‘इंग्लिश पेन’ या संस्थेच्या अनुदानाचा आधार लाभला होता, आणि ते अनुदान इंग्लंडच्या आर्ट्‌स कौन्सिलच्या, म्हणजे तेथील सार्वजनिक, निधीतून चालते. हिंदी कादंबरी आणि कन्नड कथा जगापुढे आणण्याच्या कामी इंग्लंडच्या नागरिकांच्या पैशाचा हातभार लागला, असा याचा सरळ अर्थ.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वाङ्मयाला सरहद्दी नसतात, असे कोणी म्हणेल. ते मान्य करूनही एक प्रश्न उरतो. अनुदान देणारा निवडही करतो, आणि ती निवड त्याच्या वाचकांच्या दृष्टीने होते. ते स्वाभाविकही आहे. पण आपल्या भाषेतील कोणती पुस्तके बाहेर जावीत याविषयी आपले स्वतःचे म्हणणे मांडण्याची व्यवस्था आपल्याकडे नसेल, तर दुसऱ्याची निवड हीच आपली ओळख ठरते. ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. सुधाकर मराठे यांचे इंग्रजी भाषांतर आले १९९७ साली. मराठी कादंबरीला वेगळे वळण लावणारी ही कृती तिच्या उमेदीच्या काळात बाहेर गेली असती, तर भारतीय कादंबरीविषयीची बाहेरची कल्पना काही अंशी तरी निराळी झाली असती, असे मला वाटते.

या ठिकाणी ‘प्रतिमे’चा प्रश्न उपस्थित होतो. परदेशी पाठवावयाचे साहित्य देशाची चांगली प्रतिमा निर्माण करणारे असावे, असा आग्रह अधूनमधून धरला जातो. ‘घाशीराम कोतवाल’चा इतिहास मराठी अभ्यासकांना परिचित आहे. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला, थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबविले, आणि १९७३ साली स्थापन झालेल्या थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. १९८० मध्ये हे नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा नाना फडणविसांची आणि पेशवाईची विटंबना परदेशात कशाला दाखवायची, असा गदारोळ झाला. दौरा झाला. तेथील प्रेक्षकांनी त्यात मराठ्यांच्या इतिहासाची बदनामी पाहिली नाही. सत्तेचे स्वरूप आणि लोककलेच्या घाटातून उभा राहिलेला एक सामर्थ्यशाली नाट्यप्रयोग पाहिला. आत्मपरीक्षण करणारे वाङ्मय हीच एखाद्या संस्कृतीच्या प्रौढत्वाची खूण असते. परदेशप्रसाराचे काम वकिलातींच्या सोयीने चालले, तर ‘बलुतं’, ‘उचल्या’, ‘घाशीराम’ यांना जागा मिळणार नाही, आणि मग पाठविण्यासारखे उरणार तरी काय?

५

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. साहित्याने शासनाच्या पैशापासून दूर राहावे, राजाश्रय लेखणीला बोथट करतो, अशी भूमिका मराठीत सातत्याने मांडली गेली आहे. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी आणीबाणीच्या ऐन भरात जी निर्भयता दाखविली, तिचे स्मरण अशा वेळी होणे अपरिहार्य आहे. २०१५ साली एम. एम. कलबुर्गी या अकादेमीच्याच पुरस्कारप्राप्त विद्वानाची हत्या झाली. अकादेमीने वेळीच पुरेसे बोलले नाही, असे म्हणून देशभरातील अनेक लेखकांनी आपले पुरस्कार परत केले. अखेर ऑक्टोबरमध्ये कार्यकारी मंडळाने निषेधाचा ठराव केला. राष्ट्रीय संस्थेचे नैतिक वजन किती अल्पावधीत कमी होऊ शकते, हे त्या काही आठवड्यांत दिसले.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तो नेमका कोठे लागू पडतो, हे पाहिले पाहिजे. लेखक राजाश्रयाशिवाय लिहू शकतो. मराठीतील बहुतेक श्रेष्ठ लेखन तसेच झाले आहे. भाषांतराची गोष्ट वेगळी आहे. मराठी कादंबरी ओडियात नेणाऱ्याला बाजार पुरेसे मानधन देणार नाही. कोश, व्याकरणे, द्वैभाषिक पाठ्यपुस्तके, भाषाशिक्षण ही कामे नफ्याच्या हिशेबात बसत नाहीत. तेव्हा सार्वजनिक पैसा लेखकाच्या गौरवाकडून या पायाभूत कामाकडे वळविला, तर राजाश्रयाचा धोका वाढत नाही, उलट कमी होतो. सत्कार स्वीकारणारा लेखक मिंधा होऊ शकतो. शब्दकोश कोणाचा मिंधा होत नाही.

नॉर्वेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशात १९६५ साली कला-परिषद स्थापन झाली आणि तिने ग्रंथखरेदीची योजना हाती घेतली. निकषात बसणाऱ्या नव्या ललित पुस्तकाच्या, प्रारंभी, हजार प्रती घेऊन त्या देशभरातील ग्रंथालयांना देण्यात येऊ लागल्या. १९७८ पासून शासकीय निधीवर चालणारी एक वेगळी संस्था परदेशी प्रकाशकांना भाषांतरासाठी साहाय्य देते. पुस्तक निवडतो परदेशी प्रकाशक, आर्थिक भार हलका करते नॉर्वे. २०२३ साली योन फोसे यांना नोबेल मिळाले. ते नॉर्वेजियनच्या दोन लिखित रूपांपैकी अल्पसंख्य लोक वापरीत असलेल्या रूपात लिहितात. नोबेल योजनेने मिळत नाही, हे उघड आहे. परंतु छोट्या भाषेतील लेखकाचे पुस्तक गावच्या ग्रंथालयात असणे आणि त्याला परदेशी भाषांतरकार मिळणे, या दोन गोष्टी एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत, हे तेथे ओळखले गेले. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही आठ कोटी तीस लाख लोकांची मातृभाषा आहे. हजारो शासनमान्य ग्रंथालये महाराष्ट्रात आहेत. तरीही अकादेमी-पुरस्कारप्राप्त ग्रंथांपैकी कित्येक आज विद्यार्थ्याला वाचायला द्यायचे, तर छायाप्रती काढाव्या लागतात.

६

आपल्याकडे योजना नाहीत असे नाही. नॅशनल बुक ट्रस्टची आंतरभारती पुस्तकमाला आहे, परदेशी प्रकाशकांसाठी अर्थसाहाय्य आहे. १९५० साली स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आहे. वाण आहे ती मराठीतून थेट भाषांतर करू शकणाऱ्या माणसांची. अशी माणसे नसली की कादंबरी आधी हिंदीत किंवा इंग्रजीत जाते आणि तेथून तेलुगूत, मल्याळममध्ये. ‘उचल्या’तील बोली दोनदा चाळून तिसऱ्या भाषेत पोचते तेव्हा तिचे काय उरत असेल, हे सांगण्यास भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही.

म्हणून दोन अपेक्षा अकादेमीकडून आहेत. पहिली, पुरस्कारप्राप्त ग्रंथाचे पाच वर्षांच्या आत किमान तीन भारतीय भाषांत मूळ भाषेतून थेट भाषांतर व्हावे आणि मूळ आवृत्ती उपलब्ध राहावी, याची जबाबदारी पुरस्काराचाच भाग मानली जावी. दुसरी, तरुण भाषांतरकाराला अनुभवी भाषांतरकाराच्या हाताखाली दोन-तीन वर्षे काम करता येईल अशी शिष्यवृत्ती असावी; तीत बाहेरच्या देशांतून मराठी शिकण्यासाठी येणाऱ्यांनाही जागा असावी.

परंतु सारे अकादेमीवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मराठीचे विभाग महाराष्ट्राबाहेरही आहेत : गोव्यात, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला. द्वैभाषिक विद्यार्थी तेथे जन्मतःच उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग आपण किती करून घेतला? माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी असे असतात की ज्यांच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते. ते ही गोष्ट काहीशा संकोचाने सांगतात, जणू ती त्यांच्या मराठीतील उणीव आहे. त्यांच्या या ज्ञानाला आमच्या अभ्यासक्रमात एका गुणाचेही स्थान नाही. सटीप भाषांतर पीएच.डी.चा प्रबंध म्हणून स्वीकारण्याची प्रथा मराठी विभागांत रूढ नाही. अध्यापकांच्या मूल्यमापनात भाषांतरित ग्रंथाला स्वतंत्र ग्रंथापेक्षा कमी गुण आहेत. एकाच कादंबरीकारावर दहावा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण संशोधक म्हणतो. त्याच कादंबरीकाराला कन्नडमध्ये नेऊ शकणाऱ्याला मात्र आपण ओळखतही नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्यानिमित्ताने भाषेच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ बोलले गेले, आणि ते योग्यच होते. या दर्जाच्या आधारे जी केंद्रे व जी अभ्यासकामे उभी राहतील, त्यांत प्राचीन शिलालेख आणि हस्तलिखिते यांच्याबरोबर भाषांतराला स्थान मिळते की नाही, यावर बरेच काही अवलंबून आहे. तोपर्यंत निदान एक गोष्ट आपल्या विभागांना कोणाच्याही अनुदानाशिवाय करता येईल. पदव्युत्तर वर्गाच्या दुसऱ्या वर्षी, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून एका मराठी कथेचे त्या भाषेत भाषांतर करू द्यावे आणि त्या भाषेच्या अध्यापकाकडून ते तपासून घ्यावे. दहा विद्यार्थ्यांतून एखादा पुढे जाईल. ‘उपरा’ला सोळा वर्षे वाट पाहावी लागली, पुढच्या ‘उपरा’ला तितकी पाहावी लागू नये, इतकीच अपेक्षा.